मापात पाप नाही

आमच्या चहाच्या डब्याच्या झाकणावर हिच्या आईचं नाव कोरलेलं आहे आणि खाली साल, १९८६. लग्नात आलेला स्टीलचा डबा. त्यात पाव किलोचा पुडा ओतला की डबा काठोकाठ भरायचा आणि पुड्याच्या तळाशी चमचाभर पावडर उरायची. ती ही लगेच आधणात टाकायची, म्हणून नवा पुडा फोडला त्या दिवशीचा चहा आमच्याकडे नेहमी जरा कडक. गेल्या श्रावणात हिने पुडा ओतला, डबा ओट्यावर दोनदा आपटला, आत डोकावून पाहिलं आणि मला हाक मारली.

"अहो, इकडे या. दोन बोटं रिकामा."

मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. कागदोपत्री त्याचं नाव वैध मापन शास्त्र, पण बाजारात त्या नावाने आम्हाला कुणी ओळखलं नाही. 'वजनमापवाला आला', एवढंच. निवृत्त झालो तरी घरात छोटा काटा आहे, हाताची सवय जात नाही. डब्यासकट वजन केलं, डब्याचं वजा केलं. २३१ ग्रॅम. मग चष्मा लावून पुडा वाचला. निव्वळ वजन २३० ग्रॅम. किंमत पूर्वीचीच, १५० रुपये. पुड्याची उंची, रंग, वरचं मळ्याचं चित्र, सगळं होतं तसंच.

"एक ग्रॅम जास्तच दिलाय," मी म्हणालो.

"मग डबा मोठा झाला का? आणि तुमचं खातं काय करत होतं इतके दिवस?"

खातं काय करत होतं ते मला सांगता येतं. पण तिच्या बोलण्यातून दुसराच प्रश्न डोक्यात बसला आणि तो काही सुटेना. व्यापाऱ्यांना दम देताना मी आयुष्यभर एकच वाक्य वापरलं, मापात पाप करू नका. या पुड्यात माप चोख होतं. मग पाप होतं की नव्हतं? आणि असलं तर ते कुणाच्या नावावर लिहायचं?

आमच्या वेळी मापातलं पाप डोळ्यांना दिसायचं. पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंचेची गोळी. बिडाच्या वजनाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतून त्यावर खात्याची मुद्रा ठोकतात. ते शिसंच खरवडून काढलेलं. पण कलाकारी खरी ती दांडी मारण्यात. माणदेशातल्या एका आठवडी बाजारात एक म्हातारा वाणी शेंगदाणे तोलत होता. मी समोरच्या हातगाडीआडून दहा मिनिटं पाहत होतो. तराजू उचलताना त्याची चार बोटं दोरीत असायची आणि करंगळी दांडीवर, नुसती टेकलेली, चिमणी बसल्यासारखी. मी पुढे होऊन त्या करंगळीवर माझं बोट ठेवलं. तो माझ्याकडे बघायच्या आधी स्वतःच्या करंगळीकडे बघत राहिला, जणू ती त्याला न विचारता तिथे जाऊन बसली होती. दंडाची पावती घेताना म्हणाला, "साहेब, हे तुमचं झालं. त्याचं काय ते मी बघतो." आणि त्याच करंगळीने वर दाखवलं.

म्हणजे त्याच्या हिशेबी दोन खाती होती. माझ्या पावतीने एक बंद झालं, दुसरं उघडंच होतं आणि ते त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तो पायलीने ज्वारी मोजत होता. (पायली कधीच बेकायदा झाली होती. ज्या बाईला ज्वारी हवी होती तिला किलो पटत नव्हता. मी पाठ फिरवली, आज कबूल करायला हरकत नाही.) पहिलं माप टाकताना तो 'एक' म्हणाला नाही, 'लाभ' म्हणाला. जुनी माणसं तसंच मोजत, लाभ, दोन, तीन. आणि प्रत्येक मापावर शीग होती. शीग म्हणजे मापाच्या काठाच्या वर उभा राहणारा धान्याचा सुळका. तो मापात धरलेला नसतो आणि त्याचे पैसे नसतात, पण बोटाने निपटून टाकणारा वाणी गावात चेंगट म्हणून ओळखला जातो. करंगळीने घेतलेलं तो शिगेने परत करत होता का, हे मी विचारलं नाही. शीग मोजायला माझ्याकडे साधन नव्हतं.

ग्रॅमला शीग नसते. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक वजनं आली, शेर, अधोली, पायली, मण हे सगळे गेले, आणि ते जायलाच हवे होते. तालुक्यागणिक मणाचं वजन बदलायचं आणि त्या फरकात शेतकरी भरडला जायचा. मी मेट्रिकचा भक्त आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा आहे, पॅरिसजवळच्या मूळ किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत. माझ्या पेटीतली पितळी वजनं तीन-चार पायऱ्या चढून त्या ठोकळ्याशी नातं सांगायची आणि मला त्याचा कुळाच्या अभिमानासारखा अभिमान होता. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम त्या ठोकळ्याच्याही पलीकडे गेला, प्लांकच्या स्थिरांकाला बांधला गेला. धातूच्या पृष्ठभागावर साचणारा मळही आता त्याला शिवत नाही. किलोने स्वतःला इतकं सोवळं करून घेतलं, आणि त्यानंतर काही वर्षांतच आमच्या ओट्यावरचा पाव किलो २३० ग्रॅमचा झाला.

हे कसं झालं ते सांगतो, कारण याला चोरी म्हणता येत नाही. पूर्वी पॅकबंद मालाच्या नियमांना एक अनुसूची जोडलेली होती. बाळाच्या दूधभुकटीपासून सिमेंटपर्यंत एकोणीस वस्तू, आणि त्या कोणत्या मापातच विकायच्या ते ठरलेलं. चहा त्यात होता, बिस्किटं होती, खाद्यतेल होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम बदलले आणि ती अनुसूची गेली. बदल्यात ग्राहकाला एक गोष्ट मिळाली. पुड्यावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापायची, म्हणजे वेगवेगळ्या पुड्यांची तुलना करता येईल. कल्पना वाईट नाही. अंमलाची तारीख पुढे सरकत सरकत शेवटी तीही आली. आमच्या पुड्याच्या शिवणीजवळ मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, प्रति ग्रॅम ०.६५ रुपये. पूर्वी अडीचशे ग्रॅमला दीडशे होते तेव्हा ग्रॅम साठ पैशांना पडायचा. म्हणजे वाढ पाच पैशांची. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालीत. जे नाणं देशात उरलंच नाही त्यात ही महागाई मोजून घेतली, तिची बोच कुणाला लागणार?

दुकानदाराला पाचाचे साडेपाच करायचे तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगावं लागतं. मग ती बाई पदर खोचून विचारते, परवापर्यंत तर पाचच होते की. त्याला चहाच्या मळ्यापर्यंत जाऊन कारण द्यावं लागतं. आणि कारणं खोटी नसतात. २०२४ मध्ये आसामात आधी उन्हाने आणि मग पुराने पीक मारलं, चहा महागला. खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावरचं आयात शुल्क वाढलं, तेल चढलं. भाव वाढवणं हे पाप नव्हे. पण पाच, दहा, वीस या रुपयांच्या आकड्यांवर गिऱ्हाइकाची बोटं बसलेली असतात, तो आकडा हलला की गिऱ्हाईक हलतं. म्हणून आकडा जागेवर ठेवून खालून माल काढायचा. कंपन्यांच्या भाषेत याला ग्रॅमेज कमी करणं म्हणतात. दांडी मारणं या शब्दात निदान एक हात तरी आहे. ग्रॅमेज आपोआप कमी होतं, पावसासारखं.

तेलाचा एक किस्सा सांगायलाच हवा. तेल तापलं की फुगतं, एवढं सातवीतल्या पोराला माहीत असतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांवर ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांवर ८९२.६ ग्रॅम. तर पिशवीवर 'एक लिटर, ६० अंश सेल्सियसला' असं छापून तेल विकलं जात होतं. साठ अंश! दुष्काळातल्या मे महिन्यातही आमच्या आटपाडीत तेलाची बरणी इतकी तापत नाही. पण छापलेला शब्द न् शब्द खरा. तापमान न छापता आकारमान आणि वजन दोन्ही द्या, असं सरकारला ऑगस्ट २०२२ मध्ये सांगावं लागलं. मी बातमी वाचली तेव्हा हसलो, आणि मग त्या करंगळीवाल्या म्हाताऱ्याची कीव आली. त्याला एवढी पदार्थविज्ञानाची साथ मिळाली असती तर?

पुड्यावर ग्राहकांसाठी नंबर होता. फोन केला. कशाला केला कुणास ठाऊक, कदाचित बोट ठेवायला करंगळी शोधत होतो. पलीकडे एक मुलगी, आवाजावरून पंचविशीची, मराठी स्वच्छ. मी सगळं सांगितलं. डबा सांगितला, दोन बोटं सांगितली.

"सर, नेट वेट पॅकवर दिलेलं आहे."

"ते बरोबर आहे, बाळ. वीस ग्रॅम कमी करायचं कुणी ठरवलं, एवढंच विचारतोय."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "सर, ते आमच्याकडे येत नाही. मी तुमची तक्रार नोंदवते." नंबर दिला, बारा आकडी. फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "आमच्या घरी पण हाच आणतो, सर."

आता मला वाटतं, ठरवलं असेल एका खोलीत आठ-दहा माणसांनी. एकाने मळ्याचा भाव मांडला, दुसऱ्याने गेल्या तिमाहीची विक्री, तिसऱ्याने प्रतिस्पर्ध्याचा पुडा टेबलावर ठेवला, तो आधीच २२५ वर आला होता. प्रत्येकाने आपलं काम केलं. भरणाऱ्या यंत्राला नवा आकडा दिला तो कुठल्याशा पाळीतल्या मुलाने. यंत्रही इमानी. कायदा पाचशे ग्रॅम ते किलोच्या पुड्यात एखाद्यात पंधरा ग्रॅमपर्यंतची चूक पोटात घालतो, फक्त सरासरी कमी भरता कामा नये. ते यंत्र सरासरी राखतं आणि वर ग्रॅमभर देतं. कुणाचीही करंगळी कुठेही टेकलेली नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, करणं, नाना चेष्टा आणि दैव. हे पाच असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो त्याला समजत नाही, असं तिथे म्हटलंय. नोकरीत असताना हे वाचलं तेव्हा मला ते माझ्या अहंकाराचं औषध वाटलं होतं. आता वाचताना धस्स झालं. 'मी कर्ता नाही' या अवस्थेला पोचायला साधकाचे जन्म जातात. कंपनी तिथे नोंदणीच्या दिवशीच पोचलेली असते. संचालक म्हणतो मी भागधारकांच्या वतीने, व्यवस्थापक म्हणतो मी संचालकांच्या आदेशाने, यंत्र तर बिचारं यंत्रच. कर्तेपण संपूर्ण गळालेलं. फरक एवढाच की गीता कर्म करायला सांगते आणि फळावरचा हक्क सोडायला सांगते. इथे फळ पैशापैशाने मोजून ठेवलंय आणि सोडून दिलाय तो कर्ता. शास्त्राची घडी तीच, फक्त उलटी घातली.

कायद्याला ही अडचण माहीत आहे. २००९च्या आमच्या कायद्यात कलम ४९ आहे. कंपनीने गुन्हा केला तर पकडायचं कुणाला? तर कंपनीने आपल्यातल्या एका संचालकाचं नाव आधीच लेखी कळवून ठेवावं, जबाबदार तो. मी अशी पत्रं फायलीला लावलीत. छान जाड कागद, खाली शिक्का. मला ते नेहमी बोकडाला हार घालून ठेवल्यासारखं वाटायचं, जरी त्या बोकडाला कधी काही होत नसे. गुन्हा बहुधा तडजोड शुल्कावर मिटायचा. पण तेही छापलेलं आणि भरलेलं यांत फरक असेल तरच. छापलेलं आणि लागणारं यांतला फरक कुठल्याच कलमात बसत नाही. कौटिल्याच्या राज्यात आमच्या खात्याच्या प्रमुखाला पौतवाध्यक्ष म्हणत. दर चार महिन्यांनी वजनांवर पुन्हा ठसा मारून घ्यावा लागे. पण बाजारावर दुसराही एक अधिकारी असायचा आणि नफ्याला मर्यादा होती, देशी मालावर शेकडा पाच, परदेशीवर दहा. कौटिल्याने माप आणि नफा एकाच विचारात बांधले होते. आपण माप ठेवलं. नफा मोकळा सोडला, आणि त्याची कारणंही आहेत, परवाना राजचे दिवस मी पाहिलेत, त्या काळी कोट्याच्या साखरेसाठी माझ्या आईने दोन-दोन तास रांगेत काढलेत. तिथे परत जावं असं मला वाटत नाही.

शांतिपर्वात तुलाधाराची गोष्ट आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटं केलं, पिल्लं उडून गेली तरी हा हलला नाही. त्याला गर्व झाला. तेव्हा त्याला सांगितलं गेलं की काशीत तुलाधार नावाचा वाणी आहे, त्याची सर तुला नाही. जाजली गेला तर हा गल्ल्यावर बसून रसगंध विकतोय. (मद्य सोडून सगळे रस विकतो, असं तो मुद्दाम सांगतो. पहिला नैतिक दुकानदार, आणि त्याची पाटी त्याच्या तोंडात.) त्याचं म्हणणं एवढंच की माझा तराजू सगळ्या प्राण्यांना सारखा आहे. मी ही गोष्ट खात्याच्या एका समारंभात सांगितली होती, टाळ्या मिळाल्या. तेव्हा मी तिचा अर्थ 'बिनचूक काटा' असा लावला होता. तो तोकडा होता. बिनचूक काटा तर त्या चहाच्या कारखान्यातही आहे. तुलाधाराच्या तराजूच्या एका बाजूला माल असतो आणि दुसऱ्या बाजूला समोरचा जीव. म्हणून तर तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर उचलायचा असतो.

कऱ्हाडला असताना एक जैन व्यापारी संवत्सरीनंतर ऑफिसात येऊन हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचा. माझ्याकडे काय म्हणून, असं विचारलं तर म्हणाला, कमी-जास्त माप हा आमच्या अचौर्य व्रताचा दोष आहे, नाव घेऊन सांगितलेला. तुम्ही पकडलं नाहीत ते तुम्हाला कसं कळणार, म्हणून मीच सांगून जातो. हसून सांगितलं, पण डोळे हसत नव्हते. वर्षातून एकदा तरी त्याला हात दाखवायला कुणीतरी लागत होतं.

मी काय करतो? निवृत्तीच्या पैशातून मुलीच्या आग्रहाने दरमहा पाच हजारांची एसआयपी चालू आहे. फंड आपल्याकडचे शेअर दर महिन्याला जाहीर करतो. इतकी वर्षं मी ती यादी उघडली नव्हती. डब्याच्या प्रकरणानंतर उघडली. चहावाली कंपनी त्यात अकराव्या नंबरवर. साबणवाली आहे, बिस्किटवाली आहे, तेलवालीही आहे. शोधत होतो ती करंगळी सापडली नाही, पण सगळ्यात शेवटी पसरलेला एक हात दिसला आणि तो ओळखीचा निघाला.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे प्रत्येकाने ऐकलेली असते. एका वधाला रांजणात एक खडा, असे सात रांजण. पापाचं इतकं सरळ मोजमाप दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मला आढळलं नाही. खात्याचा माणूस म्हणून मला तो हिशेब आवडतो. नारदाने विचारलं, बायकापोरांना विचारून ये, पापात वाटेकरी होणार का? ती नाही म्हणाली आणि वाल्याचे डोळे उघडले. तिथे मारणारा एक आणि खाणारे चार. खाणाऱ्यांनी हात झटकले तरी मारणारा उरतो, खडे त्याचे. पण मारणारा कोणीच नसेल आणि खाणारे लाखो असतील, त्यात टेलिफोनवरची ती मुलगीही उद्या पगारातून एसआयपी सुरू करणारी असेल, आणि ज्यांच्या डब्यातून काढलं तेच थोडंथोडं खाणारे असतील, तर रांजण कुणाच्या अंगणात ठेवायचा?

रात्री जेवण झाल्यावर मी हिला विचारलंच. सगळी यादी समजावून सांगितली. म्हटलं, समज हे पाप आहे. माझ्या नावावर आहे. तू वाटेकरी होशील?

ती ओटा पुसत होती. म्हणाली, "वाल्याच्या बायकोला रोज काय घरात येतंय ते दिसत तरी होतं. तुम्ही मला साधं पासबुक दाखवलं नाहीत कधी."

हे खरं होतं. मी उठून कपाटातून फाइल काढली, दिवा लावला. हात पुसून ती शेजारी बसली आणि एकेक ओळ बोटाने पुढे सरकवत वाचत गेली, वर्षाला किती घातले, आज किती झाले. बराच वेळ काही बोलली नाही. मग एका आकड्यावर बोट थांबवून तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"यातलं आपल्या चहाचं किती?"